किती तासांत येईल?

पावसाळ्यातल्या एका दुपारी आई स्वयंपाकघरात पाटावर बसून भुट्टे किसत होती. आमच्या इंदुरात आषाढ लागला की घराघरांतून हा कीस दुधात शिजू लागतो आणि ओल्या हवेत त्याचा गोडसर वास जिन्यापर्यंत येतो. शेजारी माझा मुलगा मोबाइल घेऊन बसला होता. आजीला रमवण्यासाठी असेल किंवा स्वतःच्याच कंटाळ्यावर उपाय म्हणून असेल, त्याने मोबाइलला इंदूर ते सिएटल हे अंतर विचारले. माझा थोरला भाऊ, म्हणजे त्याचा मामा, बरीच वर्षे सिएटलला असतो. सुमारे बारा हजार किलोमीटर, असे मोबाइलने सांगितले आणि सोबत नकाशावर एक निळी कमान उमटली. हाताला कीस लागलेला होता म्हणून आईने मान पुढे करून ती पाहिली. “अमेरिका तिकडे डावीकडे ना? मग ही रेघ अशी वरून का गेली आहे?” तिने विचारले. कुणी उत्तर देण्याच्या आतच ती पुढे म्हणाली, “ते जाऊ दे. बोलावलं तर किती तासांत येईल, ते विचार त्याला.” मुलाने तेही विचारले. तिकिटांचे पान उघडले आणि त्याने उलट प्रवासाची तारीख मागितली. मुलाने ते वाचून दाखवले. आईने पुढचा भुट्टा उचलला. “तारीख मी आत्ता कशी सांगू?” एवढे म्हणून ती पुन्हा किसू लागली.

मुलाला त्यात काही वावगे वाटले नाही. मला मात्र त्या दिवशी जेवताना कीस गोड लागला नाही, आणि पुढे कित्येक दिवस काहीही काम करताना ते तारीख मागणारे पान मध्येच डोळ्यांपुढे येत राहिले.

आईच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देणे त्यातल्या त्यात सोपे होते, म्हणून मी तिथून सुरुवात केली. बाबांचा जुना पृथ्वीगोल माळ्यावर होता. त्यावर सोव्हिएत संघ अजून अखंड आहे, इंदुराचा ठिपका आहे, सिएटल छापलेले नाही; भावाने तिकडे गेल्यावर पहिल्याच सुट्टीत बॉलपेनने तिथे एक फुली मारून ठेवली होती. मी शिवणाच्या डब्यातला दोरा घेऊन एक टोक इंदुरावर अंगठ्याने दाबले, दुसरे त्या फुलीवर धरले आणि ताणला. सैल असेपर्यंत दोरा युरोपावरून, अटलांटिकवरून जाईन म्हणत होता. ताण पडताच तो सरकत सरकत वर गेला आणि उत्तरेला टेकून बसला. सपाट नकाशावर जी कमान दिसते ती गोलावर सरळच असते, हे शाळेत वाचलेले होते, पण दोरा आपल्या बोटांखालून आपणहून सरकताना पाहणे वेगळे. पश्चिमेच्या देशाला जाण्याचा सर्वांत जवळचा रस्ता इंदुरातून निघताना पश्चिमेला वळतच नाही. तो जवळजवळ थेट उत्तरेला, किंचित पूर्वेकडे कलून निघतो. दिल्ली आणि डेहराडून यांच्या आसपासून हिमालय ओलांडतो, पलीकडे तक्लामकान वाळवंटाच्या कडेला असलेल्या खोतानपाशी पोहोचतो, अल्ताई पर्वत, मग सैबेरिया, मग उत्तर ध्रुववृत्त मागे टाकून आर्क्टिक समुद्रावर अठ्ठ्याहत्तर अंशांपर्यंत चढतो आणि तिथून कॅनडातल्या युकॉन व ब्रिटिश कोलंबियावरून सिएटलला उतरतो. आई चष्मा लावून दोऱ्यावर बोट फिरवत होती. “बद्रीनाथ इथेच कुठेतरी असेल ना?” तिने विचारले. असेलच, दोऱ्याच्या थोडे उजवीकडे. तिचे समाधान झाले.

माझे झाले नाही, कारण तो दोरा जिथून जातो तिथून विमाने जात नाहीत. जवळपास प्रत्येक तुकड्यावर काही ना काही अडलेले आहे. तिबेटच्या पठारावरून प्रवासी विमाने सहसा नेत नाहीत. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर श्वास घेता यावा म्हणून वैमानिकाला तीन किलोमीटर उंचीपर्यंत खाली यावे लागते, आणि तिथे जमीनच साडेचार किलोमीटरवर आहे. सैबेरियाचे आकाश २०२२ पासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद आहे. भारतीय कंपन्यांना ते खुले असले तरी २०२५ च्या एप्रिलपासून पाकिस्तानचे आकाश त्यांना बंद झाले आणि दिल्लीहून अमेरिकेला थेट जाणाऱ्या काही विमानांवर व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधन भरायला उतरण्याची पाळी आली. आर्क्टिकवर होकायंत्र भरवशाचे राहत नाही, टाकीतले इंधन गोठणबिंदूकडे झुकू लागते, आणि काही बिघडले तर उतरायला जवळ विमानतळ नसतो. २०२३ च्या जूनमध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एक विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडील मगदान या गावी उतरले होते आणि प्रवाशांना पुढे नेण्यासाठी दुसरे विमान पाठवावे लागले होते. तोपर्यंत मगदान हे गाव आपल्यापैकी किती जणांनी नकाशावर शोधले असेल? या सगळ्यावर कडी म्हणजे, कुठल्याही कंपनीला इंदूर ते सिएटल असे विमान चालवण्याइतके प्रवासी मिळणार नाहीत. मोबाइलने सांगितलेले अंतर खरे आहे, पण ते कुणी कधी कापलेले नाही.

माणसे जातात ती दुबईवरून, दोहावरून, लंडनवरून.

मी एकदा गेले होते ती दुबईवरून. आधी दिल्ली, मग दुबई, मग सिएटल. परत आल्यावर गोल काढून मी तो मार्गही मोजून पाहिला, आणि एक गोष्ट लक्षात आली ती अजून पचलेली नाही. इंदुरापासून दुबई सरळ रेषेत एकवीसशे किलोमीटर आहे. इंदुरापासून सिएटल बारा हजार, आणि दुबईपासून सिएटल साधारण अकरा हजार नऊशे. म्हणजे आपण रात्रभर जागून, दोन विमाने बदलून, समुद्र ओलांडून परदेशात पोहोचतो आणि जिथे जायचे आहे ते गाव तेवढ्यात शंभर किलोमीटरनेही जवळ आलेले नसते. मुंबईमार्गे गेले तर आणखी मजा, कारण इंदूर ते मुंबई हा टप्पा आपल्याला सिएटलपासून साडेचारशे किलोमीटर मागे नेतो. त्यातल्या त्यात खऱ्या अर्थाने पुढे नेणारा टप्पा म्हणजे दिल्लीचा. दीड तासाच्या त्या विमानात लोक खिडकीची झडपसुद्धा उघडत नाहीत, पण बारा हजारांतले साडेसहाशे किलोमीटर तेवढ्यात खरोखर कमी होतात. आणि मग दिल्लीहून आपण दुबईला जातो आणि ते जवळजवळ सगळे परत देऊन टाकतो.

दुबईच्या विमानतळावरची ती पहाट मला चांगली आठवते. घड्याळे तीन की साडेतीन दाखवत होती, पण दुकानांचे दिवे संध्याकाळचे होते आणि उदाच्या अत्तराचा वास नाकात बसला होता. गालिच्यावर माणसे चपला उशाला घेऊन झोपली होती. माझ्या समोरच्या ओळीत नऊवारीतल्या एक आजी व्हीलचेअरवर बसून होत्या. त्यांनी मुठीत घट्ट धरलेला कागद अखेर त्यांनी मला वाचायला दिला. मुलाने किंवा सुनेने मोठ्या अक्षरांत लिहिले होते: पहिले विमान, त्याचा क्रमांक, “इथे उतरायचे. बाहेर पडायचे नाही. खुर्चीवाला येईल”, दुसरे विमान, खाली इंग्रजीत कुणालाही दाखवता येईल असे एक वाक्य, आणि शेवटी पुन्हा मराठीत, “पाणी पीत राहा.” कागद घडीवर फाटायला आला होता, म्हणजे हा त्यांचा पहिला प्रवास नव्हता. “अजून किती राहिलं?” त्यांनी विचारले. त्या न्यूयॉर्कच्या बाजूला चालल्या होत्या. मी तेरा-चौदा तास असे सांगितले. किलोमीटर त्यांनी विचारले नाहीत, आणि मला ते सुचलेही नाहीत.

पुढचा टप्पा डिसेंबरातला होता. सकाळी दुबईहून निघालेले विमान इराणवरून, रशियावरून सरळ वर चढत गेले. दुबई आणि सिएटल यांचे रेखांश गोलावर जवळजवळ समोरासमोर पडतात, त्यामुळे त्यांच्यातला जवळचा रस्ता ध्रुवाच्या अगदी अंगणातून जातो. माझ्या मनगटावरच्या घड्याळात भर दुपार होती आणि खिडकीबाहेर काळोख. तो रात्रीचा काळोख नव्हता, कारण क्षितिजाच्या एका बाजूला कितीतरी वेळ शेंदरी पट्टी टिकून होती, न उगवणारी आणि न मावळणारी. बाहेर शून्याखाली पन्नासहून अधिक अंश, आत जेवणाचे ट्रे, आणि समोरच्या पडद्यावर ते छोटे पांढरे विमान जागचे हलत नसल्यासारखे. काही तासांनी उजेड परत आला आणि आम्ही निघालो त्याच तारखेच्या दुपारी सिएटलला उतरलो. ज्या बोइंग ७७७ जातीच्या विमानात मी बसले होते ते सिएटलच्याच उत्तरेला, एव्हरेटच्या कारखान्यात तयार होते. म्हणजे माझ्यापेक्षा त्या विमानालाच माहेरी आल्यासारखे वाटायला हवे होते.

आईला अंतर कळते ते असे कळत नाही. तिचे माहेर अकोल्याचे. लग्न होऊन ती इंदुरास आली ती छोट्या लाइनीने, म्हणजे मीटर गेजच्या गाडीने. आमचीही सगळी लहानपणे त्या लाइनीवर गेली. खंडव्यानंतर सनावद, मग मोरटक्क्याचा नर्मदेचा पूल, जिथे डब्यातली सगळी बायकामाणसे पदराच्या गाठी सोडून नाणी काढत आणि लोखंडी खांबांमधून ती पाण्यात पोहोचतील असा नेम धरत. मग बडवाह, चोरल, आणि कालाकुंड. कालाकुंडला घाट सुरू होत असे. तिथून पातालपाणीपर्यंत चढ इतका उभा, की गाडीला मागून रेटा द्यायला जादा इंजिन जोडावे लागे, आणि ते जोडेपर्यंत गाडी थांबून राही. त्या थांब्यावर पळसाच्या पानांच्या द्रोणांतून कलाकंद विकायला येई. अजून तो माझ्या जिभेवर आहे. दाणेदार, किंचित धुरकट वासाचा, पानाला चिकटलेला शेवटचा थर बोटाने निपटून घ्यावा असा. आणि त्या गोडव्यात मिसळलेला इंजिनाच्या धुराचा कडवटपणा. कालाकुंड आले की आई आमचे केस विंचरायला घेई, कारण आता इंदूर आले. तसे ते आलेले नसायचे. घाट, बोगदे, महू, राऊ, सगळे पुढेच असायचे. पण तिच्या हिशेबात कलाकंद खाऊन झाला की प्रवास संपला. ही लाइन तुकोजीराव होळकर दुसरे यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ देऊन आणवली, तेही एकशेएक वर्षांच्या मुदतीवर. १८७० मधली गोष्ट. एवढी लांबची मुदत देणाऱ्या माणसाला वेळेचा हिशेब आपल्यापेक्षा बरा कळत असावा, असे मला उगाच वाटते. महू ते सनावद हा भाग आता गेज बदलण्यासाठी बंद झाला आहे आणि अकोल्याला जायचे तर आम्ही बसने जातो. आईला ते मुळीच आवडत नाही, कारण बसने गेले की मध्ये काही लागत नाही.

इंदूर आणि सिएटल यांचे नाते माझ्या भावापासून सुरू झालेले नाही, हे मात्र आईनेच मला सांगितले. तिच्या सासूबाई, म्हणजे माझी आजी, ‘अमेरिकन महाराणी’च्या गोष्टी सांगत असत. १९२६ मध्ये गादीवरून पायउतार झालेले तुकोजीराव होळकर तिसरे यांनी १९२८ च्या मार्चमध्ये नॅन्सी अ‍ॅन मिलर या तरुणीशी लग्न केले. ती मूळची सिएटलची. लग्नाआधी तिने हिंदू धर्म स्वीकारला, शर्मिष्ठादेवी हे नाव घेतले, आणि लग्न लागले ते नर्मदाकाठी, बडवाहला. त्याच छोट्या लाइनीवरच्या, कालाकुंडच्या अलीकडच्या बडवाहला. त्या काळी वर्तमानपत्रांतून या लग्नावर पुष्कळ लिहिले गेले, बाजूने आणि विरुद्ध. आजीला त्या वादाशी कर्तव्य नव्हते. तिची उत्सुकता एवढीच होती, की त्या बाईच्या आईला मुलीची आठवण आली तर ती काय करत असेल. मुंबईहून मार्सेयपर्यंत टपालबोटीने दोन आठवडे, अटलांटिकचे पाच-सहा दिवस, आणि न्यूयॉर्कहून सिएटलपर्यंत आगगाडीचे तीन-चार दिवस. मधल्या मुक्कामांसह महिन्याची निश्चिंती. पत्र पाठवून उत्तर यायचे म्हणजे दोन महिने. त्या हिशेबात ‘बोलावलं तर किती तासांत’ हा प्रश्न उद्भवतच नाही, आणि मला कधी कधी वाटते की त्यात थोडी सुटकाही असेल. येणे शक्यच नसले म्हणजे न आल्याचा बोल कुणावर येत नाही. आता येणे शक्य आहे, तिकिटे रात्री दोन वाजताही मिळतात, आणि म्हणून तास मोजले जातात.

तासांचेही आमच्याकडे एक वेगळेच आहे. भाऊ तिकडे गेल्यापासून आईच्या खोलीत दोन घड्याळे आहेत. दोन्हींत बारा तासांचाच फरक असता तर एकाच घड्याळात भागले असते, रात्रीचा दिवस धरला की झाले. पण आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची, मिर्झापूरजवळची, त्यामुळे हा अर्धा तास शेपटासारखा मागे लागतो. उन्हाळ्यात साडेबारा तास, हिवाळ्यात साडेतेरा. मार्चमध्ये त्यांनी घड्याळे पुढे केली आणि नोव्हेंबरात मागे घेतली की आईचा दुसऱ्या घड्याळावरचा विश्वास काही दिवस डळमळतो. एकदा वैतागून ती म्हणाली, “सूर्य तर दोन्हीकडे एकच ना?” मग मी तिला उज्जैनच्या वेधशाळेत घेऊन गेले. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात, माळव्याचा सुभेदार असताना, क्षिप्रेच्या काठी ती बांधवली. तिथल्या सम्राट यंत्राची भिंत तिरपी वर गेलेली आहे आणि तिची सावली बाजूच्या कोरलेल्या कमानीवर पडते. सावलीची कड दिसायला धारदार असते, पण जवळ वाकून पाहिले की ती विरघळलेली दिसते, राखाडी पट्ट्यासारखी, आणि नेमकी वेळ त्या पट्ट्यात कुठेतरी असते. तिथल्या माणसाने एक काडी सावलीत आडवी धरून आम्हाला ती कड स्पष्ट करून दाखवली. कमानीवरची वेळ आणि माझ्या घड्याळातली वेळ यांत जवळजवळ अर्ध्या तासाचा फरक होता; तो दुरुस्त करण्याचा तक्ता शेजारी लावलेला असतो. उज्जैन साडेब्याऐंशीच्या जवळपास पावणेसात अंश पश्चिमेला, म्हणून सूर्य तिथे सत्तावीस मिनिटे उशिरा माथ्यावर येतो; इंदुरातही तेवढाच. एके काळी सूर्यसिद्धान्तात याच उज्जैनवरून जाणारी रेषा शून्याची धरली होती आणि बाकीच्या गावांनी आपल्या वेळा तिच्यापासून मोजायच्या होत्या. आईने सावलीकडे, मग तक्त्याकडे पाहिले. तिला सूर्याच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की नाही ते मला कळले नाही, पण परतताना गाडीत ती म्हणाली, “म्हणजे आपल्याच घड्याळात आधी अर्धा तास खोटा आहे.” काही दिवस तिने औषधे त्या हिशेबाने घेतली.

आता तिच्या दुसऱ्या प्रश्नाकडे यायला हवे.

बाबा गेले ते जानेवारीत, पहाटे. सिएटलला तेव्हा आदल्या दिवसाची दुपार होती आणि भाऊ ऑफिसात होता. त्याने तासाभरात तिकीट काढले. सकाळी अंगणात माणसे जमली तेव्हा प्रत्येकजण दबक्या आवाजात एकच गणित करत होता. दुबईपर्यंत चौदा-साडेचौदा तास, तिथे थांबा, दिल्ली, पुन्हा थांबा, मग इंदूर. कुणी अठ्ठावीस म्हणत होते, कुणी छत्तीस. ज्यांची स्वतःची मुले बाहेर आहेत ते सर्वांत अचूक सांगत होते, आणि सांगताना त्यांचा चेहरा कसा होत होता ते मला अजून आठवते. शवपेटी भाड्याने आणता येते, तिचा नंबर कुणीतरी देऊन ठेवला. भावाने फोनवर सांगितले, तुम्ही ठरवा. आईने सांगितले, तू ठरव. शेवटी दिल्लीला दाट धुके असल्याची बातमी आली आणि ठरवणे सोपे झाले, किंवा तसे आम्ही मानून घेतले. संध्याकाळी अग्नी मी दिला. दोन काकांना ते रुचले नव्हते, पण ते गप्प राहिले. भाऊ पोहोचला तेव्हा अस्थी सावडायची वेळ झाली होती. दिल्लीचे विमान धुक्यामुळे दुसरीकडे उतरवले होते आणि पुढचे चुकले होते. अस्थी घेऊन आम्ही खेडीघाटावर नर्मदेला गेलो. परतीच्या वाटेवर, सिमरोळच्या घाटात, त्याने मला विचारले, किती वाजता? मी वेळ सांगितली. त्याने खिडकीबाहेर पाहत मनातल्या मनात साडेतेरा तास वजा केले आणि म्हणाला, तेव्हा तो आर्क्टिकच्या वर कुठेतरी होता. झोप येत नव्हती म्हणून पडद्यावरचा नकाशा पाहत बसला होता. निम्म्याहून जास्त अंतर उरले होते. हे त्याने कुठलाही भाव न दाखवता सांगितले, जसे एखादा पत्ता सांगावा. रडला तो नंतर, घरी, बाबांचा बाहेरच्या खोलीतला चष्मा पाहून.

तेव्हा कीस करताना आईने जे विचारले ते कशाबद्दल होते, हे मला तत्क्षणी कळले होते. माझी आधी चिडचिड झाली, ही एक गोष्ट नोंदवायला हवी. भरल्या घरात, नातवाच्या मोबाइलवर, हसतखेळत असे विचारायचे? आणि तिच्या प्रश्नात भाऊच का, मी का नाही, असेही एक जुने कुसळ त्यात होते. जवळ असणाऱ्याला किती तास लागतील हे कुणी विचारत नाही. पण दोरा, गोल, दुबई, हे सगळे तिला दाखवून झाल्यावर मी तिला खरा आकडा सांगितला. सगळे जुळून आले तर अठ्ठावीस तास, बहुधा तीस-बत्तीस, आणि थंडीत धुके पडले तर देव जाणे. शिवाय घड्याळातले साडेबारा तास. तिकडून तो शुक्रवारी संध्याकाळी निघाला तर इथे रविवार उजाडलेला असेल. शनिवार त्याच्या वाट्याला जवळजवळ येणारच नाही. आईने सगळे नीट ऐकून घेतले. रविवारची गोष्ट तिला सर्वांत जास्त खटकली. मग पदराला हात पुसत तिने निकाल दिला. “मग थांबायचं नाही. मागाहून तो दीड दिवसात आला काय आणि आठ दिवसांनी आला काय, मला काय कळणार आहे? घाईच्या तिकिटाला पैसे मात्र दुप्पट लागतात. सावकाश ये म्हणावं.” मी काही बोलणार, तेवढ्यात तिने पुढचे सांगितले. “आणि दिवाळीला येतो म्हणाला होता, त्याचं काय झालं?”

दिवाळीचे मी त्याच रात्री काढले. मधल्या काळात भावाचे स्वतःचेही मोजमाप चालले होते असे दिसते, कारण या खेपेस तो दुबईवरून न येता सोलवरून यायचे म्हणतो आहे. सिएटलहून पश्चिमेला निघायचे, प्रशांत महासागर ओलांडून सोल, तिथून दिल्ली. दोन्ही टप्पे मिळून तेरा हजारांच्या आसपास भरतात, म्हणजे लंडन किंवा दुबईच्या रस्त्यापेक्षा हजारएक किलोमीटर कमी. आईला हे पटवायला गोल पुन्हा खाली काढावा लागला. दुबईच्या बाजूने येणारा मुलगा जपान-कोरियाच्या बाजूनेही येऊ शकतो, हे तिला बराच वेळ खरे वाटेना. तिने गोल स्वतःच फिरवून पाहिला, एकदा इकडून आणि एकदा तिकडून. मग तिने सोलला त्याला जेवायला काय मिळेल याची चौकशी सुरू केली. त्याच्या मुक्कामात तिकडची घड्याळे मागे जाणार आहेत, त्यामुळे येताना साडेबारा तासांचा फरक घेऊन येणारा मुलगा जाताना साडेतेरा तासांचा घेऊन जाईल. मी आईला हे अजून सांगितलेले नाही. त्याची परतीची बॅग तेवीस किलोंची आहे आणि तिची यादी आताच लवंगी शेव, भाजणी, मेतकूट आणि साखरेच्या चिरोट्यांपर्यंत पोहोचली आहे. दिल्लीला उतरल्यावर त्याला तीन नंबरच्या टर्मिनलवरून एक नंबरला जावे लागेल, सामान पुन्हा द्यावे लागेल, म्हणून मधे किमान चार तास ठेव असे मी त्याला बजावून कळवले होते. त्याने अडीच ठेवले आहेत.